तेरा जूनची सुट्टी

खराडीत सातव्या मजल्यावर
आमच्या भिंतीला लिस्बनचं कॅलेंडर आहे.
दसऱ्याला काम, पाडव्याला काम,
विसर्जनाच्या रात्री तर दोघींचं काम एकटीला,
कारण निलाक्षी गाळेकरला ताप होता
आणि तिच्या स्टेटसला ढोल.
सुट्टी मात्र तेरा जूनला,
तिकडच्या संत अंतोनीची.

मी ते शहर पाहिलेलं नाही.
पण विचारा.
अकरा नोव्हेंबरला चेस्टनट भाजतात, नवी वाइन उघडतात.
पंचवीस एप्रिलला लाल कार्नेशन.
एकतीस डिसेंबरला बारा ठोक्यांना बारा मनुका,
ठोक्याला एक, मनुकेला एक इच्छा.
कुठली ट्राम कधी बंद, व्हीलचेअर कुठून चढते,
कुठल्या चौकातलं शौचालय रात्रभर उघडं,
सगळं तोंडपाठ.
स्वारगेटला कुठली बस कुठून सुटते
ते मात्र अजून विचारून चढते.

बारा जूनची रात्र. आपले दोन वाजले असतील.
म्हातारा आवाज, मागे बँड, माणसांचा गलका.
नाव दुआर्ते. चाळीस वर्षं कॅनडात काढली,
आता परत आलाय
आणि स्वतःच्याच गल्लीत चुकलाय.
"इथे लोहाराचं दुकान होतं," म्हणाला,
"आता आइस्क्रीम आहे."

नकाशा उघडला. म्हटलं, डावीकडे पायऱ्या दिसतात?
बहात्तर आहेत. सावकाश.
(गेल्या वर्षी एका बाईने चढता चढता मोजून दाखवल्या होत्या.)
तो चढत होता, मी त्याचा दम ऐकत होते.
खाली बायपासच्या दिव्याखाली
एक कुत्रं स्वतःभोवती तीनदा फिरून बसलं.

चाळिसाव्या पायरीला थांबून त्याने विचारलं,
"मुली, तू जवळपासच राहतेस का?"
आमचे कॉल रेकॉर्ड होतात.
म्हटलं, हो. अगदी जवळ.
"मग आज बेसिलची कुंडी घे.
कागदाचं फूल असतं तिच्यात, झेंड्यावर चार ओळी.
नाक नको लावूस, वाळते म्हणतात.
हात फिरव. मग हात हुंग."

वर कुणीतरी त्याला हाक मारली,
नावाने नाही, कसल्यातरी लहानपणीच्या चिडवण्याने,
कारण तो हसला आणि लगेच रडला.
फोन बंद करायचं विसरला.
अकरा मिनिटं मी त्याच्या खिशात होते.
टीम लीडरने काचेवर टकटक केलं.

सकाळी कॅबने हडपसरला सोडलं.
सगळं शहर कामाला चाललेलं,
सुट्टी माझ्या एकटीची.
मासेवालीकडे तारली मागितली.
"बंदी चालू आहे ताई, ताजं कुठलं? बर्फातलीच घ्या."
घेतली. गॅसवर जाळी ठेवून भाजली.
वरच्या शहाणेकाकूंनी एकेक खिडकी
आम्हाला ऐकू येईल अशी लावली.

आई म्हणाली, "आज कुठला गं सण?"
"अंतोनीचा."
"कोण तो?"
"हरवलेलं शोधून देतो म्हणतात."
"मग त्याला विचार,
माझं डाव्या पायाचं जोडवं कुठे आहे."

गॅलरीत आईचा सब्जा आहे, तेलाच्या डब्यात लावलेला.
बेसिल म्हणजे तोच,
हे मला सकाळी मोबाइलवर कळलं,
चार वर्षं लोकांना त्याचा भाव सांगून झाल्यावर.
दातकोरणीला कागद चिकटवून झेंडा केला.
चार ओळी काही जमल्या नाहीत. दोनच:

 बहात्तर पायऱ्या, त्यातली एकही
 माझ्या पायाखालची नाही

झेंडा रोवला. पानांवरून हात फिरवला,
हात हुंगला.
तारलीचा वास.
साबणाने धुतला, पुन्हा फिरवला,
तरी तारलीच, आणि तिच्या मागून,
खूप मागून, काहीतरी हिरवं.

आत आले तर आई जमिनीवर आडवी,
गाल फरशीला टेकवून
कपाटाखाली बॅटरी मारत होती.
"काही नाही," म्हणाली,
"विचारलंयस ना त्याला? मग बघायला तर हवं."